दोन विटांची जागा

लोकांच्या घरातली भोकं बुजवण्यात माझी तीस-एक वर्षं गेली. धंद्याचं नाव पेस्ट कंट्रोल, लोक म्हणतात ‘औषधवाला’, पण औषध मारणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. पंप पाठीला लावला आणि दांडी हलवली की कोणीही मारतं. किडा घरात आला कुठून हे शोधायचं आणि ती वाट बंद करायची, हे खरं काम. मी पंपाबरोबर थापी, छिन्नी, हातोडी आणि पांढऱ्या सिमेंटची पिशवी घेऊन फिरायचो, म्हणून नगरमधले माझे धंदेबंधू मला ‘गवंडी’ म्हणून चिडवायचे. (पत्त्यावर आता अहिल्यानगर लिहितो, तोंडात मात्र अजून नगरच येतं.) चिडवोत बापडे. त्यांच्या गिऱ्हाइकांकडे दोन महिन्यांत झुरळं परत यायची, माझ्याकडे यायची नाहीत. मी बुजवलेलं भोक पुन्हा उघडलं असं कधी झालं नाही. एकच उघडलं, ते मीच उघडलं, आणि तेही उशिरा. त्याचंच सांगायचं आहे. पण आधी धंदा थोडा समजून घ्या, नाहीतर माझ्या हातून असं कसं झालं ते कळणार नाही.

झुरळाला घरात यायला रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी फट पुरते. वाळवीला तेवढीही लागत नाही. बाया ओटा घासून घासून चकचकीत करतात आणि सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथे मूठभर पोकळी तशीच असते. दाराखालून प्रकाशाची रेघ दिसत असेल तर त्या रेघेवरून गोम येणार, हे धरून चाला. चौकटीला चीर पडली की ती त्याच आठवड्यात बुजवावी, पावसाळ्याची वाट पाहू नये. आणि ज्या न्हाणीघराचा वापर नाही तिथल्या जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावं. जाळीखालच्या वाकात पाणी साचलेलं असतं, तेच गटारातल्या झुरळांना अडवतं. वापर थांबला की ते आटतं आणि वाट मोकळी होते. हे एवढं जो करील त्याला माझी गरज नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, म्हणून बायको म्हणायची, तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेता.

अलीकडे सावेडीत अशी वापर थांबलेली घरं फार झाली. खाली दोन म्हातारी माणसं, वरच्या मजल्यावर मुलासाठी बांधलेल्या खोल्या, मुलगा परदेशात. काही घरांत तर माणूसच नाही, किल्ली शेजारी. तिथे मी तीन महिन्यांनी जायचो, सगळ्या जाळ्यांत पाणी ओतायचो, खिडक्या तासभर उघडायचो आणि परत लावून घ्यायचो. धूळ खात पडलेल्या पलंगांमधून फिरताना आपण मोठ्याने खोकलो तरी बरं वाटतं.

तसं पाहिलं तर हा धंदाच एकट्याचा. मी घरात शिरलो की घरातली माणसं बाहेर जातात. मुलंबाळं शेजारी, म्हातारे देवळात. भांडी झाकलेली, गॅस बंद, त्यामुळे चहाचं नावच काढू नका. तीन-चार तास मी परक्या घरात एकटा. कोणाच्या कपाटामागे काय पडलंय, कोणाच्या गादीखाली कसली औषधं आहेत, कोण नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत झोपतात, सगळं मला ठाऊक. आणि त्यातलं कोणी मला नावाने ओळखत नाही. एका वकिलांच्या घरी ढेकूण झाले होते. ढेकूण म्हणजे लोकांना अब्रूचा प्रश्न. वकीलसाहेब म्हणाले, गाडीवर पाटी नको, गणवेश नको, फ्रिज दुरुस्तीला आलोय असं सांगा. मी सांगितलं. तर समोरच्या बाई जिन्यात उभ्याच, म्हणे आमचाही फ्रिज गार करीत नाही, जरा बघता का. शेवटी त्यांच्या फ्रिजमागची जाळी पुसून दिली, आणि खरंच तो गार करायला लागला. त्याच वकिलांची गाठ पुढे एका लग्नाच्या पंगतीत पडली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्यांच्या पलंगाचा खिळा न् खिळा मी उचकटून पाहिला होता. असो, त्यांचंही बरोबरच होतं, ओळख देऊन ते सांगणार काय?

या सगळ्यातून माझा एक नियम तयार झाला होता. जे गिऱ्हाईक ‘आमच्याकडे काही नाही हो’ म्हणतं, त्याच्याकडेच सगळ्यात जास्त असतं. नाही म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही, बॅटरी घ्यायची आणि कोपरे पाहायचे. या नियमाने मला कधी दगा दिला नव्हता, त्यामुळे माणसांच्या तोंडाकडे पाहायची सवयच गेली.

बायकोला माझ्या कपड्यांच्या वासाचा त्रास व्हायचा. मी बाहेरच्या नळावर अंघोळ करून घरात यायचो, तरी ती म्हणायची येतोच आहे. सहा वर्षांपूर्वी ती गेली. आता थेट आत आलो तरी कोणी काही म्हणत नाही, पण पाय अजून आधी नळाकडेच वळतात.

तर शेवगावचं काम.

फोन पुण्याहून आला होता. नितीन नावाचा तरुण मुलगा, कुठल्याशा कंपनीत नोकरीला. बोलायला अतिशय सभ्य. त्याची आई, गयाबाई, शेवगावात एकटी राहायची. वडील वारले होते. आई पुण्याला यायला तयार नाही म्हणून त्याने घरात दोन कॅमेरे बसवून घेतले होते, एक बाहेरच्या खोलीत आणि एक स्वयंपाकघरात. तो म्हणाला, “काका, आई रोज दुपारी तास-दीड तास ओट्याखाली वाकून बसलेली दिसते. काहीतरी मारत असते किंवा पुसत असते. विचारलं तर काही नाही म्हणते. नक्की झुरळं झाली असणार. तिचे गुडघे आधीच गेलेत, तिचं ते वाकणं बंद झालं पाहिजे.” आईची एवढी काळजी करणारी मुलं आमच्या धंद्यात क्वचित भेटतात. मी वर्षाचा करार केला आणि चैत्रातल्या एका सकाळी करंजीचा घाट उतरून, तिसगाववरून शेवगावला गेलो.

घर साधं, स्लॅबचं, पण मधोमध कापलेलं. गयाबाईंचे यजमान आणि त्यांचे धाकटे भाऊ रंगनाथराव यांनी मिळून ते बांधलं होतं. पुढे शेतातल्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं, वाटणी झाली, आणि घराच्या मधून भिंत उभी राहिली. ती स्वयंपाकघराच्याही मधून गेली. भाऊ एकमेकांचं तोंड पाहीनात. थोरल्याने मरताना मुलाला सांगितलं की त्या दारात पाय ठेवायचा नाही. धाकटा मयतीला आला नाही. रंगनाथराव दिवसभर आपल्या दारापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत, दुपारची डुलकीही तिथेच काढत, आणि त्यांच्या खुर्चीतून दोन्ही दारं दिसत. हे मला तेव्हा काही माहीत नव्हतं, सगळं नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की भिंत नंतर घातलेली आहे. आणि नंतर घातलेल्या भिंतीत फट असतेच.

गयाबाई सत्तरीच्या, उंच, कपाळ मोकळं. मला दारातच म्हणाल्या, “झुरळं न्हाईत ओ भाऊ. पोराला उगंच वाटतंय. च्या घ्या आन् जा.” मी मनात म्हटलं, झालं, हे आपलं नेहमीचंच. त्यांना बाहेर बसवलं, डोक्यावर बॅटरी लावली आणि ओट्याखाली शिरलो.

स्वयंपाकाचा ओटा म्हणजे कडप्प्याची एकच लांब फरशी. वाटणीच्या वेळी ती कापायला गेले असते तर फुटली असती, म्हणून गवंड्याने फरशी तशीच ठेवून वर भिंत चढवली आणि खाली विटा भरल्या. अर्धी फरशी यांच्या वाट्याला, अर्धी त्यांच्या. त्या वेळी यांच्या सिंकचं पाणी त्यांच्या बाजूने बाहेर जायचं, म्हणून पाइपासाठी खाली, जमिनीलगत, दोन विटांची जागा सोडलेली होती. पुढे पाइप बदलला, जागा राहिली. तिच्या कडेला चहाच्या भुकटीसारखी विष्ठा होती, म्हणजे झुरळं होतीच. फार नव्हती, पण पलीकडून येत होती. माझा नियम परत एकदा खरा ठरला म्हणून मला बरं वाटलं.

त्या जागेत कापडाचा बोळा होता. जुन्या लुगड्याचा, पण स्वच्छ धुतलेला. शेजारी एक पाट. मी तीस वर्षं भोकांत कोंबलेले बोळे काढले आहेत. ते काळे, तेलकट, कुजके असतात. धुऊन वाळवून परत कोंबलेला बोळा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि त्याचा काही अर्थ असेल असं माझ्या मनातही आलं नाही. बोळा बाजूला टाकला, अंगणात पडलेल्या दोन विटा आणल्या आणि सिमेंट कालवायला घेतलं.

गयाबाई केव्हा येऊन दारात उभ्या राहिल्या कळलं नाही. म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ द्या, भाऊ. तिकडून वारा येतो.”

ओट्याखाली वारा! मला हसू आलं. मी म्हटलं, “मावशी, वाऱ्याला खिडकी आहे की.” तेवढ्यात फ्रिजवरच्या त्या पांढऱ्या कॅमेऱ्यातून नितीनचा आवाज आला. त्याला बोलताही येतं हे मला ठाऊक नव्हतं, मी दचकलोच. तो म्हणाला, काका, बुजवून टाका, तिचं ऐकू नका. गयाबाईंनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि बाहेर निघून गेल्या.

वीट सारताना पलीकडून थोडं खसपसलं. उंदीर असणार, असं मी धरलं. उंदीर ओलं सिमेंट उकरतो, म्हणून त्यात काचेचा चुरा घालायची आमची पद्धत आहे. मी भरपूर घातला. वरून पांढऱ्या सिमेंटचा हात इतका गुळगुळीत फिरवला की तिथे भोक होतं हे सांगून खरं वाटलं नसतं. कॅमेऱ्याला अंगठा दाखवला आणि निघालो.

तीन महिन्यांनी, आषाढात, करारातल्या दुसऱ्या फेरीला गेलो. घर स्वच्छ होतं. झुरळांसाठी मी बिजागऱ्यांच्या कडेला जेलचे ठिपके लावतो, त्यातला एकही कुरतडलेला नव्हता. ओट्याखाली पाट नव्हता. गयाबाई बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, टीव्ही बंद. मी विचारलं, आता काही त्रास? त्या म्हणाल्या, न्हाई. मग आपणहून म्हणाल्या, “लई पक्कं काम केलं, भाऊ. मुंगीबी येत न्हाई.” ही शाबासकी समजून मी खूश झालो. नितीननेही फोनवर सांगितलं की आईचं ते वाकून बसणं बंद झालंय. त्याने त्याच्या दोन मित्रांना माझा नंबरही दिला होता.

बाहेर पडतोय तोच शेजारच्या ओट्यावरून रंगनाथरावांनी हाक मारली. काठी, पांढऱ्या मिशा, आवाज भारदस्त. म्हणाले, “ओ औषधवाले, हिकडं बी या. तिकडची समदी हिकडं आलीत.” खरंच होतं. एका बाजूची वाट बंद झाली की दुसऱ्या बाजूला वाढतातच. त्यांनी बसल्या जागेवरून आत बोट दाखवलं आणि परत रस्त्याकडे पाहायला लागले.

आत त्यांची बायको होती, सुमनबाई, गयाबाईंची धाकटी जाऊ. बारीक, चपळ. मला स्वयंपाकाच्या ओट्याशी नेलं, वाकली आणि बोट दाखवलं. माझ्या विटेची मागची बाजू. त्यावर ओरखडेच ओरखडे होते, उलथन्याचे, स्क्रू ड्रायव्हरचे. सिमेंटचा एक टवका उडाला होता आणि आत काच चमकत होती. सुमनबाईंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. जमिनीवर एक पाट.

तिने बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून सांगितलं. एकोणीस वर्षं दोघी इथून बोलत होत्या. दुपारी पुरुषमाणसं झोपली की दोघी आपापल्या बाजूला पाट घ्यायच्या आणि बोळा काढायच्या. वाटी आडवी केली की जायची. ठेच्याची वाटी, गोळ्यांचं पाकीट, सुईदोरा, गौरीच्या वेळी करंज्या एकेक करून. कोणाच्या लेकीला दिवस गेले, कोणाचा डबा कुठल्या फडताळात, आज भाजी कशाची, मीठ किती पडलं, सगळं त्या दोन विटांतून. थोरला भाऊ गेला त्या दिवशी रंगनाथरावांनी हिला दार ओलांडू दिलं नाही. तिसऱ्या दुपारी, बाया पांगल्यावर, गयाबाई ओट्याखाली आल्या.

“त्या बोलंनात,” सुमनबाई म्हणाली, “मंग म्या हात घातला पल्याड. त्यांनी धरला. दिस बुडंस्तवर सोडला न्हाई. समद्या गावानं त्यांना भेटून घेतलं, म्या हातानं भेटून घेतलं.”

मग तिने माझ्याकडे पाहिलं. “तुमी ईट सारली तवा म्या नुकतीच हितं आल्ते. मला वाटलं बाईच काय तरी सारत्यात.”

ज्याला मी उंदीर म्हटलं ते हे होतं. काच माझी होती, चिंधी तिच्या बोटांना होती. मी खाली मान घालून बसलो. तिने रागाचा एक शब्दही काढला नाही. एवढंच म्हणाली, उघडून द्या.

आता जे लिहितो ते लिहायची मला लाज वाटते. हातोडी-छिन्नी बाहेर मोटारसायकलला होती. त्याच दिवशी, त्याच घटकेला मी ते फोडू शकलो असतो. पण या बाजूने फोडायचं तर रंगनाथराव बाहेर बसलेले, त्या बाजूने फोडायचं तर कॅमेऱ्यात नितीन. त्याला काय सांगायचं? आईचं खरं सांगितलं तर तिचं एकोणीस वर्षांचं झाकलेलं उघडं पडणार, आणि बापाचा शब्द मुलगा डोक्यावर घेऊन बसलेला. ही कारणं खरी होती, पण त्यांच्या खाली एक आणखी होतं. मी बुजवलेलं मी फोडायचं, आणि माझं काम चुकलं असं गिऱ्हाइकाला तोंडाने सांगायचं, हे माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, पुढच्या फेरीला येतो तेव्हा काहीतरी निमित्त काढून करतो.

“कवा?” तिने विचारलं.

“तीन महिन्यांनी येतोच आहे.”

“तीन म्हैने व्हय,” ती म्हणाली. “बरं.”

ते ‘बरं’ घेऊन मी घाट चढलो. नगरला पोचेपर्यंत चारदा वाटलं मागे फिरावं. घरी आलो, नळावर अंघोळ केली, खिचडी टाकली. कोणाशी तरी बोलावं असं फार वाटलं, पण हे बोलणार कोणाशी? बायको असती तर तिने मला जेवू दिलं नसतं, उलट्या पावली पाठवलं असतं. दुसऱ्या दिवशी सावेडीत वाळवीचं मोठं काम निघालं, मग गणपती, मग दिवाळीआधीची गर्दी. लोकांना सगळं स्वच्छ दिवाळीच्या आठ दिवस आधीच हवं असतं. मी विसरलो नव्हतो, एवढंच सांगतो. विसरलो असतो तर आज थोडं सोपं गेलं असतं.

तिसऱ्या फेरीला गेलो तेव्हा शेजारच्या ओट्यावरची खुर्ची रिकामी होती. गयाबाईंनी दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आत सांगितलं. सुमन गेली. ताप डोक्यात गेला, नगरला नेलं, चार दिवसांत संपलं. परवा तेरावं झालं. पोरं आली होती, ती आपापल्या कामाला गेली. रंगनाथराव एकटेच आहेत, सकाळ-संध्याकाळ कोणा पुतणीकडून डबा येतो.

“तुम्ही गेला होतात?” मी विचारलं.

“गेल्ते. दारात बसले घडीभर. आत कोनी ये म्हनलं न्हाई.” पुढचं त्या साध्याच आवाजात बोलल्या. “आजारी हाय हे बी मला कळलं न्हाई, भाऊ. भिताडाला कान लावून बसायचे. काय सुदिक ऐकू येत न्हाई.”

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. छिन्नी काढली, गुडघ्यावर बसलो. गयाबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, “आता कशापाई? पल्याड कोन हाय?” आता ते उघडून कोणाला उपयोग नव्हता हे मलाही कळत होतं. पण ते तसं ठेवून मला त्या घरातून निघता आलं नसतं. मी घाव घातला.

तिसऱ्या-चौथ्या घावाला कॅमेरा बोलला. “काका? काय फोडताय?”

“माझं काम चुकलंय, नितीनराव,” मी म्हटलं. “दुरुस्त करतोय.”

“अहो पण झुरळं येतील ना परत!”

“येतील,” मी म्हटलं, आणि फोडत राहिलो.

माझं काम खरंच पक्कं होतं. अर्धा तास गेला. काच वेचून वेचून बाजूला ठेवली, कडा रेतीच्या कागदाने घासल्या. शेवटची वीट सुटली तशी पलीकडची फरशी दिसली, आणि त्या फरशीवर तोच पाट. मी मागे सरकलो. गयाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत.

पलीकडे काठी वाजली. पावलं ओट्याजवळ येऊन थांबली. कोणीतरी कष्टाने खाली बसलं. मग जमिनीलगत, अगदी जवळून, रंगनाथरावांचा आवाज आला. तो भारदस्तपणा त्यात काही उरला नव्हता.

“वैनी हायेत का तितं?”

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. नितीन सगळं ऐकत होता. मग गयाबाईंनी भिंतीशी उभा करून ठेवलेला आपला पाट घेतला, ओट्याला धरून हळूहळू खाली बसल्या. दोन्ही गुडघे वाजले.

“हाय,” त्या म्हणाल्या.

मी सिमेंटचे तुकडे गोळा करायला लागलो.

“साखर घावंना, वैनी,” रंगनाथराव म्हणाले. “पंधरा दिस झालं, च्या तसाच पितोय.”

ज्या स्वयंपाकघरात स्वतःचं एकोणीस वर्षं पाऊल पडलं नव्हतं, त्याच्याकडे तोंड करून गयाबाईंनी क्षणभर डोळे मिटले.

“फडताळात, खालच्या कप्प्यात,” त्या म्हणाल्या. “शेंगदान्याच्या डब्यामागं पितळी डबा हाय. मुंग्या लागू नयेत म्हनून सुमन पान्याच्या ताटात ठिवायची. पानी आटलं आसंल आता. आदी ताटात पानी घाला, मंग डबा उघडा.”